झुंबरच्या आबांची मोटार

झुंबरवर मी जितका चिडलो तितका आयुष्यात कुणावर चिडलो नसेन. आणि तरीही बारामतीच्या धावपट्टीवर कामाचा माणूस कोण, असं विचारलंत तर नाव त्याचंच घेईन.

साल अठ्ठ्याण्णव. धावपट्टी नवीकोरी, विमानं आठवड्याला दोन-तीन. मी तिथं स्टोअरकीपर आणि झुंबर वायरमन. विमान उभं असेपर्यंत त्याला खालून वीज द्यावी लागे, आणि ती द्यायला होता एक डिझेल जनरेटर. विमान तासभर थांबो की चार तास, हा आपला धडधडतोय. त्याचा काळा धूर वाऱ्याबरोबर सरळ झुंबरच्या वस्तीवर जायचा. वस्तीत त्याची आई सारजाबाई, दम्याची पेशंट. जनरेटर सुरू झाला की म्हातारी खाट ओढत गोठ्याच्या मागं जाऊन बसायची, आणि तिथंही खोकायचीच.

झुंबरनं वर्षभर साहेबांचं डोकं खाल्लं. जनरेटर काढा, विमानाला लायनीवरची वीज द्या. शेवटी साहेब कबूल झाले. चर खणून केबल टाकली, नवं पॅनेल बसलं. फक्त धावपट्टीसाठी वेगळी लाईन हवी होती, पण तो अर्ज कुठल्या टेबलावर घोरत पडला होता देव जाणे! तोवर शेतीच्याच लायनीवर भागवा, असा हुकूम आला.

शेतीची लाईन म्हणजे अडतीस विहिरी आणि अडतीस मोटारी. आमच्याकडं लाईट कधी येईल याचा नेम नाही, म्हणून जो तो स्टार्टरला ऑटो लावून ठेवतो. लाईट आली की मोटार आपोआप सुरू. अशा अडतीस मोटारी एकदम पाणी ओढायला लागल्या की व्होल्टेज कोसळणार नाही तर काय होणार? व्होल्टेज फार उतरलं की आमचं पॅनेल बंद पडायचं.

साहेबांनी दोनच चाचण्यांची मुभा दिली. जमलं नाही तर जनरेटरचा करार आणखी तीन वर्षं वाढणार होता. झुंबर चार दिवस सायकल घेऊन वस्त्या-वस्त्या फिरला. "बुधवारी धा ते अकरा ऑटो काढा. म्हातारीला श्वास घेऊ द्या." ऊसवाले मोहनराव एरवी कुणाचं ऐकत नाहीत, पण तेही "व्हय" म्हणाले.

बुधवारी दहाला लाईट आली. व्होल्टेज चारशे दहा. झुंबरनं जनरेटर बंद केला, स्विच दाबला, विमानात दिवे लागले. मी टाळीसुद्धा वाजवली. पाचच मिनिटांत काटा घसरायला लागला. तीनशे नव्वद, तीनशे पन्नास, आणि पॅनेल धाडकन बंद. पायलट हातवारे करायला लागला. झक मारत जनरेटर पुन्हा सुरू करावा लागला.

एवढ्यात मोहनराव तणतणत फाटकावर आले. "झुंबर, तुझ्या आबाच्या मोटारीनं पाणी फेकलं. मग आमीच काय हाताची घडी घालून बसायचं? समद्यांनी चालू केल्या."

मी झुंबरकडं पाहिलं. त्याचा चेहरा पडला होता. सबंध शिवाराला सांगत फिरला, पण घरात सांगायचं राहिलं! आपल्याच घरी काय सांगायचं, असं तो धरूनच चालला होता. आबांना, म्हणजे त्याच्या वडलांना, विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, "मला कुणी सांगितलं? माझा जनावरांचा घास वाळत हुता." मेंढरं विकून त्यांनी ती विहीर पाडली होती, तिचं पाणी ते उगाच थोडंच थांबवणार? मी कपाळावर हात मारला.

आठ दिवसांनी दुसरी चाचणी. आता झुंबरच्या तोंडी शब्दावर कुणी विश्वास ठेवेना. मोहनराव म्हणाले, "तू सोता तुझ्या मोटारीपाशी बस. तू दिसलास की आमी बंद ठिवतो."

म्हणून ज्या कामासाठी तो वर्षभर राबला, ते काम झालं तेव्हा झुंबर धावपट्टीवर नव्हताच. तो आबांच्या विहिरीवर स्टार्टरला पाठ टेकून बसला होता, आणि स्विच दाबला मी, ज्याला फ्यूजसुद्धा बदलता येत नाही. इतका राग आला होता मला! पण काटा चारशेवरून हलला नाही. विमान तासभर विजेवर उभं राहिलं. साहेबांनी करार वाढवायचा नाही असं तिथंच सांगितलं.

मी लुना काढली आणि वस्तीवर गेलो. झुंबरनं बसल्या जागेवरून विचारलं, "चाललं का?"

"चाललं. विमान अजून उभंय."

तो घाम पुसत राहिला. अंगणात, घराच्या पुढच्या बाजूला, सारजाबाई खाटेवर बसून मटकी निवडत होती. तिनं मान वर करून मला विचारलं, "आज इमान आलंच न्हाय व्हय रं?"