माळावरचा राब

मंदारच्या बायकोचा, नेहाचा फोन आला तेव्हा आधी मनात आलं, ही मला का फोन करतेय? दोन वर्षं मी त्यांच्या घरी फिरकलो नव्हतो. "मंदार गेला," ती म्हणाली. कॅम्पसच्या पार्किंगमध्ये हार्ट अटॅक आला... रडू यायच्या आधी मला वाटलं, हिला माझ्याबद्दल सगळं कळलंय की काय. मी जात्याच शंकेखोर, काय करणार.

इकडे परदेशात, स्टेट कॉलेज नावाच्या गावात, शिकताना आम्ही तीन वर्षं एका अपार्टमेंटमध्ये काढली आणि पुढे दोघंही तिथेच राहिलो. मी नागपूरचा, तो रत्नागिरीकडचा. गावाजवळच्या डोंगरावरच्या खुरट्या झुडपांच्या माळावर तो कासवांचा अभ्यास करायचा. कोकणात भाताची रोपं करण्याआधी जमिनीवर पालापाचोळा जाळतात, त्याला राब म्हणतात, हे मला त्यानंच शिकवलं. या माळालाही अधूनमधून असा राब हवा, नाहीतर वाळकं साचून एक दिवस वणवा भडकेल, हे तो इतक्यांदा सांगायचा की मी म्हणायचो, यार, पुरे कर आता. परवानगी काही मिळत नव्हती.

दोन वर्षांपूर्वीच्या कोरड्या एप्रिलमध्ये त्याचा फोन आला. आवाज तुटत होता. उद्या माळावर राब करायचाय, असं मी ऐकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी माळ पेटला. तीन दिवस गावात धूर, शाळा बंद, पायथ्याची काही घरं खाक. चौकशीचा माणूस आला, त्याला मी ऐकलेलं सांगून टाकलं. मंदारचं माळावर जाणं बंद झालं. पुढे विजेची तुटलेली तार सापडली आणि तो सुटला. मी मात्र त्याला सोडलं नाही. घरं गेलेल्यांना तो डबे पोचवायचा, राखेत वाकून जिवंत कासवं शोधायचा, आणि मी म्हणायचो, मन खातंय याला.

गेल्या आठवड्यात शेवटी नेहाकडे गेलो. माळ पेटला त्या दिवशी सकाळी तिनं काढलेला व्हिडिओ लावला. मंदार घामाघूम, हातात कोयता. पायथ्याच्या घरांमागची झुडपं तोडून आग अडवायला मोकळा पट्टा करत होता. "निखिलला कालच सांगितलं, माळावर राबायचंय म्हणून. आला नाही बघ, आळशी."

राबायचंय! मदतीला बोलावत होता मला... तरी मी तो व्हिडिओ तीनदा ऐकला, कुठे फट सापडते का बघायला. लाज वाटते सांगायला.

"चौकशीत मी सांगितलं, हे त्याला माहीत होतं?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून," नेहा म्हणाली. "म्हणायचा, त्याला खरंच तसं ऐकू आलं असेल. येईल तेव्हा सांगू."

पोर्चवर माळाकडे तोंड करून तीन खुर्च्या आहेत. घरात माणसं दोनच होती. तिसरीही तो रोज संध्याकाळी पुसून ठेवायचा, असं ती म्हणाली आणि मला बस म्हणाली. मी उभाच राहिलो.