टाकून दिलं

आमच्या वाचनालयात तीन संगणक आहेत, तिन्ही वेगवेगळ्या घरांतून भेट आलेले. एक विंडोजचा, एक मॅक, एक लिनक्सवाला. निवृत्त शिक्षिका नलिनीबाईंना आता छापील अक्षर दिसत नाही. त्यांची जुनी विद्यार्थिनी शैला इथे ग्रंथपाल आहे. पुस्तक मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर ती तिन्ही संगणकांवर टाकत होती, म्हणजे जो रिकामा असेल त्यावर बाईंना बसता येईल.

विंडोजवर ‘पुढे, पुढे’ करत बटणं दाबायची. लिनक्सवर यादीतून सॉफ्टवेअरचं नाव निवडून पासवर्ड दिला की काम झालं. मॅकवर फक्त चिन्ह उचलून एका फोल्डरमध्ये टाकायचं. नेमकं तेच राहून गेलं होतं, म्हणून काल उतरवलेल्या फाइलमधूनच सुरू झालेलं सॉफ्टवेअर आज सापडेना. शैलाने चिन्ह ओढून फोल्डरवर सोडलं.

“बाई, टाकून दिलं!”

“टाकून दिलंस? अगं, मी अजून एक ओळही ऐकली नाही!”

शैला हसतच सुटली. मराठीत नको असलेली वस्तूही टाकतात आणि वाफ्यात बीही टाकतात. फरक इतकाच, की बी टाकल्यावर माणूस वाट पाहतो.

तिन्हींत टाकायला सोपं कोणतं, हे बाईंनी विचारलं नाही. त्यांनी हेडफोन लावला. थोड्या वेळाने त्यांचं बोट रिकाम्या टेबलावर, ओळीखालून फिरावं तसं, डावीकडून उजवीकडे सरकू लागलं.