तासिका तत्त्वावरचे सर

ओतूरच्या बाजारात राजरत्न सरांना कोणी भाजीची पिशवी उचलू देत नसे. "द्या इकडं, सर," म्हणत कोणीतरी पुढे यायचंच. त्यांचे वडील पोपटराव तर एसटी स्टँडवर अनोळखी माणसालाही ऐकवत, "आमचा राजरत्न प्रोफेसर हाय."

कसला प्रोफेसर! अकरा वर्षं ते कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवत होते. तास मिळाले तर नोकरी, नाहीतर घरी. एप्रिलात नेमणूक संपायची आणि जुलैत त्याच जागेसाठी, त्याच खोलीत पुन्हा मुलाखत. अर्जही तोच, फक्त वर्ष बदलायचं. पहिल्याच वर्षी घरी खरं सांगायला हवं होतं. ते राहिलं, आणि राहिलं ते राहिलंच.

पंचाण्णव साली वर्गात सत्तर पोरं होती. मग वारं फिरलं. कॉम्प्युटर आले, बीबीए आलं, ऑफिसच्या दाराला काच लागली. इतिहासाला कुत्रं विचारीना. "दहाच्या खाली पोरं आली तर तिसऱ्या वर्षाचा वर्ग बंद," असं प्राचार्यांनी बजावलं. तेव्हापासून दर जूनमध्ये सर मढपासून घाटघरपर्यंत दारोदार हिंडून पोरं गोळा करायचे.

दोन हजार सहा साली पुण्याची एक कंपनी कॉलेजात मुलाखती घ्यायला येणार होती. काम फोनवर गिऱ्हाइकांशी बोलायचं. पोरांची तयारी कोणी करून घ्यायची? मुलाखतींचा अनुभव सरांइतका होता कोणाला! त्यांनी जीव ओतून शिकवलं. आत कसं जायचं, हात कुठे ठेवायचे, येत नसेल तर सरळ येत नाही म्हणायचं. बीबीएच्या पोरांमागे सरांच्याच इतिहासाच्या वर्गातली हर्षाली येऊन बसायची. कंपनीने सगळ्यात आधी तिलाच उचललं.

तिसऱ्या वर्षासाठी सरांच्या यादीत तिच्यासकट बरोबर दहा नावं होती.

ते घाटघरला तिच्या घरी गेले. 'एवढं एक वर्ष पुरं कर, मग खुशाल जा,' हे वाक्य त्यांनी एसटीत घोकून ठेवलं होतं. पण हर्षालीच्या आईने, गोजरबाईने, चहाचा कप हातात देताच आपणच विषय काढला.

"मला काय कळत न्हाई, सर. पर मी म्हनते, हितंच शिकावं आन् तुमच्यावानी कालेजात मास्तर व्हावं. लई मान हाय तुमाला. व्हईल ना?"

हर्षाली दाराशी उभी होती. दर जुलैत सूचनाफलकावर उमेदवारांच्या यादीत सरांचं नाव तिने वाचलेलं होतं. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी वर्ग वाचत होता. सरांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"नको मावशी, माझ्यासारखं नको," ते म्हणाले. "जाऊ द्या तिला. राहिलेलं वर्ष ती बाहेरून करील."

जुलैत इतिहासाचा वर्ग बंद झाला. सर बाराव्यांदा त्याच खोलीत मुलाखतीला बसले. प्राचार्य खुशीत होते. "तुमच्या हाताला यश आहे, सर. आता मुलाखतीची तयारीच शिकवा. तासिका तत्त्वावर."

सर "हो" म्हणाले. दुसरं येतच काय होतं त्यांना?

बाजाराच्या दिवशी पोपटराव स्टँडवर कोणाला तरी सांगत होते, "आमच्या राजरत्नच्या हाताखालनं पोरं कंपनीत लागत्यात." सर मागेच उभे होते. आज सांगून टाकावं, असं वाटून त्यांनी तोंड उघडलं.

"पिशवी द्या, सर," कोणीतरी म्हणालं.

त्यांनी पिशवी दिली.