मागली फळी

दोन हजार पंचवीस साल. दत्तूअण्णा पंच्याहत्तर वर्षांचा होता, मी एका वर्षानं धाकटा. गोठ्यात शेण ओढत होतो, तेव्हा निरोप आला, अण्णा गेला. खोरं भिंतीला टेकवलं आणि तिथंच बसलो... उठायला नको वाटलं. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी. पण अण्णाबद्दल दुसरं कोण लिहिणार, म्हणून लिहितोय.

तो माझा चुलतभाऊ. बावड्यात घरची वाटणी झाली तेव्हा रान वाटलं, म्हशी वाटल्या, नदीतली नाव मात्र एकच. कापता येईना आणि दोघांतला एकही सोडेना. शेवटी थोरल्यांनी सांगितलं, पुढची निम्मी धाकट्याची, मागची दत्तूची. उभा जन्म तशीच चालवली. पंचगंगेपलीकडनं वैरण आणायची तर मी पुढं बांबू घेऊन, तो मागं वल्हं धरून. डांबरसुद्धा ज्यानं त्यानं आपल्याच निम्म्याला लावायचं. यंदा मागच्या टोकाची आडवी फळी कुजली. ती गेली की नावेत पाणीच. आणि नदी चढली की खालच्या गल्लीतली माणसं बाहेर काढायला हीच नाव लागते. मी म्हटलं, तू आजारी, मी बसवतो. खाटेवरनं म्हणाला, "माझ्या निम्म्याला हात लावायचा न्हाय." बरं वाटेल त्या दिवशी उठून त्यानं जांभळाची फळी रंधा मारून ठेवली. बसवायची तेवढी राहिली...

दिवसकार्य झालं. फळी त्याच्या घराच्या पुढच्या सोप्यात उभी, नाव काठावर पालथी. मी रोज दारावरनं जायचो, आत जात नव्हतो. कुणाकडं काही मागायची मला सवय नाही. घरात भाकरीसुद्धा वाढली तर खातो. पण जोतिबाच्या डोंगरावर ढग बसायला लागले. शेवटी गेलो. वैनी तांदूळ निवडत होत्या.

"वैनी, ती फळी द्या की."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "हेनी सांगूनच ठेवलंय भावजी. म्हणालं, त्यो येतोय बघ. पर तोंडानं मागितल्याबिगर देऊ नगंस."

हसू आलं. फळीला खिळ्यांची भोकंसुद्धा पाडलेली होती. त्याच दिवशी बसवली, सांध्यात कापूस कोंबला, वर डांबर ओतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाव पाण्यात लोटली. थेंब आत आला नाही. सवयीनं पुढं बसलो, बांबू रोवला. मागं कुणी नाही, नाव जागच्या जागी गोल फिरायला लागली. थोडा वेळ फिरू दिली. मग माझ्या निम्म्यातनं उठलो, "अण्णा, येऊ काय मागं?" म्हणून विचारलं, आणि जाऊन वल्हं धरलं.