आधाराशिवाय एक गिरकी

शेवगावात मी एका लॅबमध्ये रक्त तपासते. पस्तिसाव्या वर्षी बॅले शिकायला लागले. का, असं विचारणाऱ्यांना मी निरनिराळी उत्तरं दिली. खरं कारण एवढंच, की नगरला चर्चच्या हॉलमध्ये क्लास सुरू झाला होता आणि रविवारी मला सुट्टी असे. मॅडम पुण्यात बरीच वर्षं शिकवून माहेरच्या गावी परतल्या होत्या. वर्गात बाकी सगळ्या शाळकरी मुली.

दोन वर्षांत मी बऱ्यापैकी तयार झाले, पण भिंतीलगतच्या लाकडी बारला धरून. पहिला अर्धा तास सगळं नीट जमे. मग हॉलच्या मधोमध, आधाराशिवाय करायचं. त्याला सेंटर म्हणतात. तिथे एका पायावर गिरकी घेताना मी अर्ध्यातच दुसरा पाय टेकवायचे. सराव कमी पडतो, अशी मी समजूत करून घेतली होती.

एका रविवारी मॅडमनी बारवर, माझ्या तळहाताखाली, कागदाची पट्टी ठेवली. व्यायाम संपला तेव्हा पट्टी चुरगळून ओली झाली होती. त्यांनी ती मला दाखवली.

"तू पायावर उभीच नसतेस. हातावर उभी असतेस. मग सेंटरला कसं जमेल?"

मुली ऐकत होत्या. मला राग आला. पुढचे दोन रविवार मी गेलेच नाही. पण घरी, जिथे धरायला काहीच नव्हतं अशा मधल्या खोलीत, रोज सकाळी उभी राहू लागले. आई तिथेच मशीनवर ब्लाउज शिवायची. आठवडाभर ती शिवता शिवता बघत होती. मग एकदा मशीन थांबवून म्हणाली, "पाय उचलायच्या आधीच तुजा डावा खांदा वर जातो."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"नाचातलं न्हाई कळत. खांद्याचं कळतं. तुज्या प्रत्येक ब्लाउजला डावीकडं वेगळं माप धरते मी. लहानपनापासून हाय ते."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आरशातही मी पायाकडेच बघत आले होते. दुसऱ्या दिवसापासून आई लाकडी पट्टी घेऊन मागे उभी राहू लागली. खांदा उचलला की पट्टीचा हलका स्पर्श. गिरकी बंद. नुसतं एका पायावर उभं राहून आठ आकडे मोजायचे. पाचवर तोल जाई, मग सहावर. आईला कंटाळा आला तर ती सरळ जाऊन शिवायला बसे.

क्लासला परत गेले, तेव्हा मॅडमनी गैरहजेरीबद्दल विचारलं नाही. महिनाभराने सेंटरला माझी पाळी आली. उजवीकडे गिरकी घेतली, पूर्ण फिरले आणि समोर तोंड करून थांबले. पाय टेकला तो ठरल्या जागी. आनंद झाला असं म्हणता येणार नाही. इतकं लवकर संपलं याचं नवल वाटलं.

"परत," मॅडम म्हणाल्या.

दुसरी फसली. तिसरी जमली. मॅडमनी मान हलवली आणि मला मागच्या रांगेतून पुढे बोलावलं.

"आता डाव्या बाजूला."

त्या बाजूला मला काहीच येत नव्हतं. मी जागा घेतली, खांदा खाली आणला आणि आठ आकडे मोजू लागले.