मंडळाच्या कॉम्प्युटरवर राहिलेला माझा पासवर्ड

मंडळी, अजून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून लिहितेय.

आज चिकपेटला आमच्या समाजाच्या मंडळात हॉलची चौकशी करायला गेले होते. तिथे वधूवर नोंदणी बघणारे काका चार लोकांसमोर म्हणाले, "धारवाडच्या मुलाला नको म्हणालीस, ते त्याची आई फार बोलते म्हणूनच ना?"

हे मी फक्त मावशीला ईमेलमध्ये लिहिलं होतं.

मग आठवलं. नोंदणी करताना मी मंडळाच्याच कॉम्प्युटरवर माझं ईमेल उघडलं होतं. पासवर्ड सेव्ह करू का, असं ब्राउझरने विचारलं तेव्हा काकांनीच मागून हात घालून 'हो' दाबलं होतं. "असू दे, पुढच्या वेळी सोपं जाईल." तेव्हापासून हे गृहस्थ निवांत बसून माझं ईमेल वाचताहेत.

मी तिथेच ब्राउझरची सेटिंग उघडली. नोंदणीला आलेल्या कितीतरी मुलींचे पासवर्ड तिथे पडले होते. शेजारचं डोळ्याचं चिन्ह दाबलं की अक्षर न् अक्षर दिसत होतं.

काका शांतपणे म्हणाले, "आपल्याच घरच्या पोरी तुम्ही. आपल्या माणसांपासून काय लपवायचं?"

मी एकेक पासवर्ड पुसायला लागले, तसे ते खुर्चीतून उठले.

"स्वल्प, जरा थांब अक्का. त्यात माझा पण आहे. तू उघडून बघितला नाहीस ना?"

परतताना मेट्रोतच पासवर्ड बदलला. तुमचा कुठल्या 'आपल्या माणसा'कडे राहिलाय, आठवून बघा.