दत्तूभाऊचं मुकं पाणी

दत्तूभाऊ गेल्याचा फोन आला, तेव्हा मी ऑफिसात एका माणसावर ओरडत होते. फोन शेगावहून होता. तिथल्या एका लॉजवर तो नळाच्या कामाला गेला होता. छातीत दुखतं म्हणून पायरीवर बसला आणि बसल्या जागीच गेला. माझा मोठा भाऊ… जन्मात कधी माझ्यावर आवाज चढवला नाही त्यानं. भांडायची ती मीच. आमचं शेवटचं मोठं भांडण झालं ते माशांच्या टाकीवरून. त्याला जाऊन महिना झाला तरी ते भांडण डोक्यातून जात नाही.

भाऊनं लग्न केलं नाही. वडनेर भोलजीच्या घरात तो आणि माय दोघंच, मी खामगावला. एका लॉजवाल्यानं काचेची मोठी टाकी काढून टाकली, ती यानं टेम्पोत घालून घरी आणली आणि त्यात सोनेरी मासे सोडले. वरचं जास्तीचं पाणी पाइपातून टेबलाखालच्या टाकीत पडायचं, तिथं गाळलं जायचं आणि मोटर ते परत वर चढवायची. पडताना पाइप हवा ओढायचा आणि दिवसभर गुडगुड, गुडगुड. दुसऱ्या कुणी ते चालवून घेतलं असतं. पण आमच्याकडं नळ आठ-दहा दिवसांनी येतात, तेही वेळ न सांगता, आणि पाण्याच्या आधी कोरडा पाइप असाच गुडगुडतो. मायचा सारा जन्म त्या आवाजाकडं कान लावण्यात गेला. टाकी गुडगुडली की ती उठायची, "नळ आले रे दत्तू," आणि हंडा घेऊन निघायची. "माय, मासे हायेत ते," भाऊ सांगायचा. ती "हाव" म्हणायची आणि तासाभरानं पुन्हा उठायची. एका दुपारी घरात एकटीच असताना हंड्यासकट ओट्यावरून घसरली. मनगट मोडलं.

मी गेले आणि तोंडाचा पट्टा सोडला. "तुले मासे पाह्यजे का माय, एक सांग. आठ दिवसांत ही टाकी गेली नाही, त मी मायले खामगावले नेतो." भाऊ खाली मान घालून बसला. माय सोडली तर त्याला होतं कोण? हे मला तेव्हाही कळत होतं, तरी बोलले. मग म्हणाला, "आठ दिवस दे मले."

मला वाटलं, विकून टाकेल. आठव्या दिवशी मायची लुगडी भरायला पिशवी घेऊनच गेले, तर टाकी जागच्या जागी. माझं डोकंच फिरलं. तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मोटर चालू आहे, पाणी वरून खाली जातं आहे, आणि आवाज… काहीच नाही. "पानी नाही बोंबलत मंगल, हवा बोंबलते," भाऊ म्हणाला. पाइपाचं वरचं तोंड त्यानं पाण्याखाली बुडवलं होतं आणि खाली एक व्हॉल्व बसवून तो केसभर, केसभर आवळत आणला होता. पाइप काठोकाठ भरलेला राहिला की हवेला शिरायला जागाच नाही. उरलेल्या पाण्यासाठी जरा उंचावर दुसरा पाइप, त्यातून बारीक धार कडेकडेनं उतरायची. स्क्रूड्रायव्हरचं टोक पाइपाला, मूठ कानाला, असा आतला आवाज ऐकत तो आठ दिवस कामावरून आल्यावर बसला होता. मी दोन तास बसून पाहिलं. माय गाढ झोपली होती. पिशवी रिकामी घेऊन निघाले, पण शाबास म्हणायला जीभ वळली नाही. "काच पुसत जा," एवढंच बोलले. मी अशीच आहे.

पुढं वेगळंच झालं. आवाज थांबला तशी माय आवाज नसतानाही उठायला लागली. नळ येऊन गेले आणि आपल्याला ऐकूच आलं नाही तर, ही धास्ती. मग भाऊ रोज कामावर निघताना तिच्यापाशी बसून सांगायचा, "पानी मी भरतो माय. तू उठू नोको." तो नसला की शेजारची शांताबाई भरून ठेवायची, पण मायच्या लेखी ते दत्तूनंच भरलेलं. हळूहळू तिचं उठणं थांबलं. पाण्याच्या बाबतीत तिनं जन्मात कुणावर भरवसा टाकला असेल तर तो याच्यावर.

तेरवी झाली तरी मी इथंच आहे. मायला खामगावला चल म्हटलं तर ती हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. टाकीकडं तोंड करून पडून असते. परवा दुपारी अंगणातला पाइप गुडगुडला, खरोखरचा. ती उठेल म्हणून मी धावत आत गेले. ती जागी होती.

"माय, नळ आले."

"येऊ दे," ती म्हणाली. "दत्तू भरते."

मी बाहेर गेले, एकटीनं सगळं भरलं, तोंडावर पाणी मारलं आणि आत आले. तिनं मान वळवली. "भरलं का त्यानं?"

कुणाचंही चुकलेलं वाक्य मी आजवर तसंच सोडलेलं नाही.

"हाव माय," मी म्हणाले. "भरलं."